मिटलेल्या ओठांची बैठक

गिरणीत आयुष्य काढलेल्या माणसाशी बोलताना एक गोष्ट लगेच लक्षात येते. तो आपल्या डोळ्यांकडे बघत नाही, ओठांकडे बघतो. नवख्याला अवघडल्यासारखं होतं. दाताला काही लागलंय की काय, असं वाटून तो रुमाल शोधू लागतो. पण दोष दातांचा नसतो आणि बघणाऱ्याचाही नसतो. मागांच्या शेडमध्ये धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यांचा असा खडखडाट चालतो, की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी समोरच्याला नुसता गरम श्वास लागतो, शब्द लागत नाही. म्हणून तिथली माणसं आवाज वाया घालवत नाहीत. ओठ मोठे करून, शब्द सावकाश घडवून, नुसते दाखवतात. समोरचा ते वाचतो. संसाराची गाऱ्हाणी, चेष्टा, शिव्या, मुकादमाची नक्कल, सगळं या बिनआवाजाच्या बोलीत चालतं आणि मुकादमाच्या पाठीमागे तर फारच छान चालतं.

या बोलीत दोघी बहिणींचा हात धरणारं शेडमध्ये कोणी नव्हतं. थोरली आणि धाकटी. त्यांची नावं हजेरीपटावर असतीलच, पण ती कधी कोणाच्या ओठांवर आली नाहीत. दोघींचे माग समोरासमोर होते. कापसाची पिंज नाकातोंडात जाऊ नये म्हणून तोंडाला फडकं बांधलेलं असायचं. काही सांगायचं झालं की ते हनुवटीखाली ओढायचं, सांगून झालं की वर. थोरलीने फडक्याला नुसता हात लावला तरी ती आता काय बोलणार, हे धाकटीला आधीच कळायचं. तरी ती वाचायची. बहिणीचं तोंड बघायची तिला सवयच होती.

थोरलीचा नवरा लवकर गेला. पदरी एक मुलगा होता. धाकटीचं लग्न दोनदा जमत आलं आणि मोडलं, मग तिनेच त्या विषयाला कुलूप लावलं. दोघींनी मिळून पोराला वाढवलं. पोर मोठं झालं, कामाला लागलं, सून आली. गिरणी बंद पडली. दोघी घरी बसल्या. कानात मात्र गिरणी चालूच राहिली. झोपताना, उठताना, जेवताना, दूरवर कुठेतरी माग चालल्यासारखा तो आवाज दोघींनाही यायचा. ऐकायला कमी यायचं ते वेगळंच. घरात दोघी जुन्या बोलीतच बोलायच्या. सून सुरुवातीला घाबरली होती. "अहो, तुमच्या आई आणि मावशी समोरासमोर बसून नुसती तोंडं हलवतात," असं तिने नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "तुझ्याबद्दल बोलत असतील. ऐकू येत नाही हे नशीब समज."

मग थोरलीच्या छातीत बसलेली पिंज वर यायला लागली. आधी खोकला, मग धाप, मग चार पावलं चाललं की भिंत धरणं. आजार लांबला. सगळं धाकटीने केलं. उठवणं, बसवणं, भरवणं, धुणं. ती दमली. दमले असं ती कोणाला म्हणाली नाही, कारण म्हणायचं कोणाला? जिला सगळं सांगायची, तीच अंथरुणावर होती.

शेवटी दवाखान्यात नेलं. एका दुपारी वॉर्डात सगळं शांत होतं. भाचा औषध आणायला खाली गेला होता. धाकटी कॉटशेजारच्या स्टुलावर बसली होती. थोरलीचा डोळा लागलाय, असं तिला वाटलं. तिने हात जोडले, डोळे मिटले आणि देवाला म्हणाली, "ने आता. मी दमले." एकदा म्हणाली आणि मग म्हणतच राहिली. आवाज नव्हता. ओठ हलत होते. जन्मभराची सवय, मनातलं बोलायचं म्हणजे तिच्या लेखी ओठांनीच बोलायचं.

डोळे उघडले तेव्हा थोरली गेली होती. तिचे डोळे उघडे होते. नजर धाकटीवर होती. डोळ्यांवर नव्हे. ओठांवर.

डॉक्टर म्हणाले, "शेवटी त्यांना काही कळत नव्हतं." भाच्याने ते मानलं. डॉक्टरांना त्यांचं शास्त्र ठाऊक होतं, शेड ठाऊक नव्हती. धाकटीला त्या नजरेचा अर्थ माहीत होता. समोरच्या मागावरून वाचणारीची नजर तशी असते.

जगात एकच माणूस असं होतं, जे तिचं न बोललेलं बोलणं वाचू शकत होतं. आणि नेमकं त्याच्याच तोंडासमोर बसून तिने हे मागितलं होतं. थोरलीने वाचलं का? वाचलं असेल, तर आपल्या पोटच्या पोरीसारखी वाढवलेली बहीण आपल्या मरणाची वाट बघते आहे, हे घेऊन ती गेली. याहून दुसरं काही धाकटीला जाणून घ्यायचं नव्हतं. आणि विचारणार कोणाला? विचारायचं तर आधी आपण काय म्हणत होतो ते सांगावं लागणार.

दिवस झाले, पाहुणे पांगले, घर पूर्वीसारखं चालू लागलं. एका सकाळी भाचेसून भाजी चिरताना म्हणाली, "मावशी, कोणाशी बोलताय?"

"कुठे? कोणाशी नाही."

"ओठ हलताहेत तुमचे."

धाकटीने तोंडाला हात लावला. खरंच हलत होते. आणि काय म्हणत होते, ते बोटांना कळलं. तेच. ने आता, मी दमले.

त्यानंतर ते थांबेना. कपडे वाळत घालताना, जिना उतरताना, आरशासमोर केस विंचरताना ओठ आपले आपण तेच घडवत राहायचे. आरशात तर ते बघवत नसे, कारण वय वाढलं तसा धाकटीचा चेहरा थोरलीवर गेला होता. आरशातून थोरलीच ते म्हणते आहे असं वाटायचं. तिने आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. ट्रंकेतलं जुनं फडकं काढून तोंडाला बांधलं. "धूळ फार झाली आहे," असं ती घरात म्हणाली. भाचेसून शहाणी होती. ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "घरात धूळ आहे म्हणे. माझ्या झाडण्याला नावं ठेवायची नवी तऱ्हा दिसते." पण त्या दिवसापासून ती दोनदा झाडू लागली.

देवापुढे जाऊन क्षमा मागावी, म्हणून धाकटी बाहेर पडली. पण तिथे वेगळंच संकट उभं राहिलं. प्रार्थनेला माणूस हळू बोलतो, पुटपुटतो, ओठ मात्र हलवतो. एरवी ओठात एक आणि पोटात एक असलेली माणसं तिथे पोटातलं ओठांवर आणतात. धाकटीला ते सगळं वाचता यायचं. नको असलं तरी डोळे वाचायचेच. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक गृहस्थ मेव्हण्याचं दुकान बसावं म्हणून हात जोडून उभा होता. एक मुलगी "उद्या त्याचा फोन येऊ दे, निदान मिस्ड कॉल" म्हणत होती. एक म्हातारा नुसता बायकोचं नाव घेत होता. आणि एक बाई, धाकटीच्याच वयाची, खांबाला टेकून म्हणत होती, "सोडव रे त्याला, माझ्याच्याने बघवत नाही." धाकटी तिथून निघाली ती घरी येऊन बसली. दुसऱ्या देवाच्या दारात गेली, तिसऱ्याच्या गेली. दारं वेगळी, बसायची तऱ्हा वेगळी, कुठे चपला बाहेर तर कुठे आत. ओठ सगळीकडे तेच. देवाला काय ऐकून घ्यावं लागतं, हे तिला कळलं आणि तिला त्याची कीव आली.

थोरलीची एक शाल होती. तिला कसरीने भोक पाडलं होतं. ती घेऊन धाकटी रफू करणाऱ्या चाचांच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे दोन भिंतींमधली एक फट होती. काचेच्या तावदानाशी बसून चाचा कुणाच्यातरी कोटाची बाही शिवत होते. तिने विचारलं, "हे भोक बुजेल का?" त्यांनी मान हलवली, पण तोंड उघडलं नाही. धाकटीने आपल्या सवयीने त्यांच्या ओठांकडे बघितलं आणि ती बघतच राहिली. असे मिटलेले ओठ तिने बघितले नव्हते. रागाने मिटलेले नव्हते, हट्टाने नव्हते. दार लावून आत कोणीतरी कामात असावं तसे होते.

टाका पुरा झाल्यावर त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली आणि बोलले. "बुजेल. धागा याच शालीचा लागेल, कडेतून काढतो. चालेल?"

"काढा."

"कोणाची?"

"बहिणीची. आता माझी."

चाचांनी तिच्या तोंडावरच्या फडक्याकडे बघितलं. "गिरणीतल्या का तुम्ही?"

"कशावरून?"

"माझ्या तोंडाकडे बघताय. एवढं लक्ष देऊन माझं बोलणं फक्त आमच्या घरातली ऐकते. तीही चूक काढायला."

किती दिवसांनी धाकटी हसली. फडक्याआड हसली, पण हसली. मग तिने विचारलं, "सुई चालवताना ओठ असे का मिटता?"

चाचांनी शाल उजेडात धरली. सांगावं की नाही, असं क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "आत आठवण चालू असते," ते म्हणाले. "आमच्यात तिला जिक्र म्हणतात. कोणी मोठ्याने करतात, कोणी घोळक्यात डोलत करतात, तेही खरंच आहे. माझ्या गुरूंची रीत गुपचूप होती. दात मिटायचे, जीभ टाळूला लावायची, ओठ बंद. त्याचं नाव फक्त काळजातून फिरवायचं. मांडीला मांडी लावून बसलेल्यालाही पत्ता लागता कामा नये."

"ओठ अजिबात हलत नाहीत?"

"हलले की ते लोकांसाठी झालं. सुट्टीच्या दिवशी दुपारी मागच्या खोलीत चार माणसं बसतो आम्ही."

"मी येऊ?" धाकटी म्हणाली. "मला काही शिकायचं नाही. देव भेटला नाही तरी चालेल. जिथे कोणाचे ओठ हलत नाहीत, अशा जागी मला थोडं बसायचंय."

चाचांनी शालीची घडी करून बाजूला ठेवली. "या," ते म्हणाले. "एवढं कमी मागणारं अजून कोणी आलं नव्हतं."

मागची खोली म्हणजे कापडाच्या गठ्ठ्यांची जागा. जमिनीवर जुन्या सतरंज्या, वर एक झरोका. चाचा सोडले तर बसणारे सगळे दुसऱ्या धर्मांचे होते. एक निवृत्त पोस्टमन होता. त्याच्या घरात पिढ्यान्पिढ्या नाम जपायची रीत, पण मोठ्याने म्हणायला लागला की त्याचं लक्ष स्वतःच्या आवाजाकडे जायचं. धाकटी आली त्या दिवशी तो तिला म्हणाला, "बसा ताई, घाबरू नका. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही बाहेर शिवी आहे. इथे त्याला साधना म्हणतात." चाचांनी डोळे वटारले. पोस्टमनने निमूटपणे जीभ टाळ्याला लावली.

सगळे डोळे मिटून बसले. धाकटीने मिटले नाहीत. ती एकेका चेहऱ्याकडे बघत गेली. कुठेच काही वाचायला नव्हतं. कोरी भिंत बघून डोळ्यांना जशी विश्रांती मिळावी तसं तिला झालं. तेवढ्यात दार हळूच उघडलं आणि काळी छत्री मिटत ख्रिस्ती मठातल्या एक म्हाताऱ्या सिस्टर आत आल्या, कोपऱ्यात बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

धाकटीने त्यांना ओळखलं. या सिस्टर दवाखान्यातल्या होत्या. त्या दुपारी थोरलीच्या कॉटच्या पायथ्याशी त्याच उभ्या होत्या. डोळे उघडल्यावर थोरलीनंतर धाकटीने बघितलेला तो दुसरा चेहरा होता.

जगात एकच साक्षीदार होता आणि तो तिच्यासमोर सतरंजीवर बसला होता. धाकटीला उठून पळावंसं वाटलं. पण पुढच्या सुट्टीला ती परत आली, आणि त्याच्या पुढच्याही. ओढ होती की धास्ती, तिला सांगता आलं नसतं. बैठक संपली की सगळे थोडा वेळ बोलत. सिस्टर म्हणत, "आमच्यातही अशा जुन्या मदर होऊन गेल्या. त्या सांगायच्या, शब्द दाराशी काढून ठेवा, चपलांसारखे. आत ढग आहे. ढगात शिरा." पोस्टमन म्हणायचा, "आमच्याकडे याला अजपा म्हणतात. जप तुम्ही करायचा नाही, तो आपोआप चाललेलाच असतो. तुम्ही फक्त मधून बाजूला व्हायचं." चाचा म्हणायचे, "बाजूला होणं एवढं सोपं असतं तर मी रफू कशाला केला असता?" धाकटी नुसती ऐकायची. तिच्यातही काहीतरी आपोआप चाललेलं होतंच. ती फडक्याआड दातांनी ओठ धरून ठेवायची आणि ते दातांतूनही निसटायचे. सिस्टरांनी नुसती नजर वर केली तरी तिला वाटायचं, यांना माहीत आहे.

चाचांना ते ओठ दिसले असावेत. एकदा फडक्याकडे बघत ते हळूच म्हणाले, "बहीण, त्याच्याशी भांडू नका. हलतंय ते हलू द्या. डोळे तेवढे मिटून बघा."

थोरली गेल्यापासून धाकटीने झोपेखेरीज डोळे मिटले नव्हते. त्या दिवशी मिटले.

आधी काळोख, त्यात कानांतले माग. नेहमीचेच. मग ते माग थांबले. एकेक करून नाही, सगळे एकदम. गिरणी बंद पडली त्या दिवशीही इतकं शांत झालं नव्हतं. आणि त्या शांततेत शेड उभी होती. धोटे पळत होते, पण आवाज नव्हता. तिरप्या उन्हात पिंज तरंगत होती, खाली येत नव्हती. धाकटी स्वतःला शोधू लागली आणि ती कुठेच नव्हती. हात नव्हते, पाय नव्हते. तिच्या मागाशी कोणी नव्हतं, तरी धागा चालला होता. भीती वाटायला हवी होती, पण भ्यायला जागेवर कोणी नव्हतं. फार मोठं, फार ओळखीचं असं काहीतरी तिथे भरून राहिलं होतं. तिला वाटलं, इथेच राहावं.

मग समोरच्या मागाशी कोणीतरी आहे, हे कळलं. तोंडाला फडकं. हात वर आला. फडक्याला लागला. आता ते खाली येणार.

आणि धाकटी होती तिथे परत आली, सगळीच्या सगळी, हातापायांसकट, भीतीसकट. तिने डोळे उघडले. कानांत माग खडखडत होते. सगळे तसेच बसले होते. झरोक्यातलं ऊन सरकलं होतं.

बाकीचे गेल्यावर चाचांनी विचारलं, "का परतलात?"

"भीती वाटली."

"त्याची?"

"नाही. बहिणीची. ती बोलणार होती."

चाचा गठ्ठे सारखे करत राहिले. "आत जाताना माणूस आपलंच दार लावून घेतो आणि मग म्हणतो, बंद आहे," एवढं म्हणून ते थांबले. मग जरा शरमल्यासारखे म्हणाले, "हे माझं नाही. गुरू म्हणायचे. मला अजून नीट कळलेलं नाही."

त्यानंतर धाकटी बैठकीला येत राहिली, पण पुन्हा डोळे मिटायला धजली नाही. रात्री अंथरुणावर पडली की बाजूच्या रिकाम्या कॉटकडे पाठ करायची. पाठीवर नजर जाणवायची. पाठीवर ओठ नसतात, तरी जाणवायची.

असे महिने गेले. एका बैठकीनंतर सिस्टर छत्री उचलत म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी नसेन. आमच्या म्हाताऱ्यांसाठी मठाचं दुसरं घर आहे, तिकडे पाठवताहेत. लांब आहे. पुन्हा येणं होईल असं वाटत नाही."

पोस्टमनने त्यांना वाकून नमस्कार केला. चाचांनी छातीवर हात ठेवला. सिस्टर बाहेरच्या दुकानात आल्या, तर धाकटी बाकावर बसलेली. आज नाही तर कधीच नाही, हे तिला उमजलं होतं. तिने सिस्टरांना हाताने बसवलं, फडकं हनुवटीखाली ओढलं आणि सगळं सांगितलं. आजारपण, थकवा, ती दुपार, ती प्रार्थना, ती नजर. अगदी शेवटपर्यंत सांगितलं, घाम पुसला आणि ती उत्तराची वाट बघू लागली.

सिस्टर गोंधळून तिच्याकडे बघत होत्या. "बाई," त्या म्हणाल्या, "तुमचा आवाज येत नाहीये."

धाकटीने सगळं गिरणीच्या बोलीत सांगितलं होतं. इतक्या दिवसांनी काळीज उघडं केलं आणि आवाज लावायलाच विसरली. तिला हसावं की रडावं कळेना. परत एकदा सांगायचं, तेही आवाजात, एका भिंतीपलीकडे पोस्टमन चपला शोधत असताना! पण तिने सांगितलं. यावेळी थोडक्यात. "मी देवाला म्हणत होते, ने आता, मी दमले. ती ओठ वाचायची. तिने वाचलं का, एवढंच सांगा. तुम्ही होतात."

सिस्टरांनी छत्री बाकाला टेकवून ठेवली. मग म्हणाल्या, "त्या वॉर्डात मी किती जणांसाठी हेच मागितलं असेल. ते जाऊ दे. तुम्ही विचारलंत ते सांगते. त्या जाग्या होत्या. तुमच्याकडे बघत होत्या."

धाकटीने बाकाची कड धरली.

"त्यांनी ऑक्सिजनचा मास्क हनुवटीखाली ओढला होता. तो नीट लावायला म्हणून मी पुढे आले. पण तुम्ही दोघी प्रार्थना म्हणत होतात, म्हणून मी थांबले."

"दोघी?"

"दोघी. त्यांचेही ओठ हलत होते, तुमच्यासारखेच. मला वाटलं, घरातली पाठ प्रार्थना असेल. मीही पायथ्याशी उभी राहून माझी म्हणू लागले."

 शेडमध्ये एक रीत होती. समोरचीचं म्हणणं पटलं की वाचणारीही तेच ओठांनी म्हणायची. त्याला 'री ओढणं' म्हणत. पटलं नाही की फडकं वर करायचं. थोरलीने तर मास्क खाली ओढला होता.

"माझ्या मागोमाग ना?" तिने विचारलं. "मी म्हटलं की मग ती? वाचणारी जरा मागे राहते. केसभर का होईना, राहतेच."

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "बरोबर. एका तालात. दवाखान्यात यायच्या आधी मी मठाच्या शाळेत होते, वर्षानुवर्षं मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेतली आहे. मागे राहणारं पोर मला शेवटच्या रांगेतलंही दिसतं. तुमच्यात मागे कोणीच नव्हतं."

"म्हणजे ती वाचत नव्हती?"

"ते मला नाही सांगता येणार. पण बाई, आधी कोणाचे हलत होते विचाराल, तर त्यांचे. मी आले तेव्हा तुम्ही नुसते हात जोडून बसला होतात."

आतून चाचांनी दिवा लावला. सिस्टरांनी धाकटीचा हात थोडा वेळ हातात धरला, मग छत्री उघडून त्या रस्त्यावर उतरल्या. पाऊस नव्हता. म्हातारपणी छत्री आधाराला असते.

धाकटी घरी निघाली. डोकं चालत नव्हतं. आधी थोरलीचे ओठ. मग तिचे, मिटल्या डोळ्यांनी, न बघता, तेच, त्याच तालात. मग ते मागणं कोणाचं होतं? 'मी दमले' यातली मी कोण? आयुष्यभर थोरली फडक्याला हात लावायची आणि धाकटीला आधीच कळायचं. त्या दुपारीही तसंच झालं असेल का? की सिस्टर म्हाताऱ्या झाल्यात, आणि आठवणीत माणूस चांगलं तेच ठेवतो? खात्री करायला आता कोणी उरलं नव्हतं. पण एक गोष्ट पक्की होती. मास्क खाली होता. ज्या बाईला दूषण द्यायचं असतं, ती आपल्याबरोबर ओठ हलवत नाही.

खोलीत येऊन ती आपल्या कॉटवर बसली. फडकं सोडलं आणि सवयीने वाट बघू लागली. या वेळी बसलं की ओठ सुरू व्हायचेच. झाले नाहीत. तिने भिंतीकडचा आरसा फिरवला. ओठ मिटलेले होते. आरशात एक म्हातारी होती, आणि ती थोरली नव्हती. तिने मुद्दाम ते शब्द घडवून बघितले. कोणा परक्याच्या तोंडचे वाटले. पाठीवरची नजर शोधली, तीही नव्हती. समोर नुसती रिकामी कॉट होती, आणि तिच्यावर रफू होऊन आलेली, घडी घातलेली शाल.

ही भीती गेली तर किती सुटल्यासारखं वाटेल, असं तिला इतके दिवस वाटत आलं होतं. ती भीतीच बहिणीची शेवटची सोबत होती, हे तिला माहीत नव्हतं.

मग तिच्यातून एक आवाज निघाला. जिने जन्मभर आवाज वापरला नाही, तिचा तो होता. तो किती मोठा आहे, हे तिला कळलं नाही. तिच्या कानांना तो लांबून, गिरणीच्या पलीकडून आल्यासारखा वाटला. भाचेसून ओल्या हातांनी धावत आली. "मावशी! अहो, काय झालं?" म्हणता म्हणता तिची नजर समोरच्या शालीवर गेली, आणि कॉटवर तिच्याशेजारी बसून तिने तिला कुशीत घेतलं.

शेजारचे आजोबा काठी टेकत दारात आले. "कोण गेलं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"सासूबाई," भाचेसून म्हणाली.

"अगं, त्यांना जाऊन तर वर्ष होत आलं."

"हो," ती म्हणाली. "आज गेल्या."